हलका झालाय

दादाने बेस, म्हणजे त्याची जाड तारांची बेस गिटार, मांडीवर घेतला, दोन-तीन मिनिटं वाजवला आणि म्हणाला, "छान झालाय. हलका झालाय." मग स्टँडवर ठेवून दिला आणि दुसराच विषय काढला. झालं ते एवढंच. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द कानात घोळत राहिला. हलका म्हणजे वाजवायला सोपा, बोटांना त्रास न देणारा, असं मी त्या क्षणी धरून चालले होते. सेटअप करणारीला, म्हणजे वाद्य हाताला बसेल असं लावून देणारीला, याहून मोठी शाबासकी कुठली? पण हलका माल म्हणतानाही आपण हाच शब्द वापरतो. दादाला यातला कुठला अर्थ अभिप्रेत होता ते मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायचा धीर झाला नाही, कारण त्याच्या हातांनी ते आधीच सांगून टाकलं होतं. त्या दोन-तीन मिनिटांत त्याचा उजवा हात हळूहळू सरकत ब्रिजकडे, तारा जिथे बॉडीवर टेकतात तिकडे, गेला होता. तिथे तारा कमी हलतात, फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, आपटत नाहीत. बोटं जपून पडत होती. हात आखडता घेऊन वाजवणारा दादा मी पहिल्यांदा पाहिला.

गेली काही वर्षं मी ओळखीच्या लोकांच्या गिटारी आणि बेस सेटअप करून देते. दादाचा बेस मात्र त्याने कधी माझ्याकडे दिला नव्हता. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बेसच्या धर्तीचा, चार तारांचा, बॉडीच्या वरच्या कडेला त्याच्या कोपराने रंग पार झिजवलेला. त्यावर फ्लॅटवाऊंड, म्हणजे चपट्या वेढ्यांच्या गुळगुळीत तारा, त्याही कधी बदलल्या ते त्यालाच ठाऊक. या वेळी मीच मागे लागले, दे एकदा, बघते, म्हणून. देताना तो एकच वाक्य बोलला: "तारा बदलू नकोस." मी त्याचा अर्थ असा लावला की बाकी सगळं बदललं तरी चालेल.

सेटअप म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं, तारा खाली घेतल्या की झालं. पण तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, ही नेकवर, म्हणजे वाद्याच्या लांब मानेवर, अवलंबून असते, आणि नेक हा लाकडाचा जिवंत प्रकार आहे. चारही तारा सुरात आणल्या की त्यावर साधारण ७० ते ८० किलोंचा ताण येतो. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस त्या पट्टीला लोंबकळतोय असं समजा. त्या ओढीने नेक पुढे वाकू पाहतो, आणि त्याला मागून आवरून धरायला आत एक स्टीलची सळई असते, ट्रस रॉड. गिब्सन या गिटार कंपनीत काम करणाऱ्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. तेव्हापासून आजपर्यंत सळईचे प्रकार निघाले, पण काम तेच. तारांनी पुढे ओढायचं, सळईने मागे. आपण ॲलन की घालून फिरवतो तेव्हा या दोघांच्या भांडणात फक्त किंचित पक्षपात करत असतो.

आणि नेक अगदी सुतासारखा सरळ करायचाच नसतो. जाड ई तार छेडली की ती सेकंदाला ४१ वेळा हलते. नीट पाहिलं तर डोळ्यांना दिसतं, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला एक धुरकट आकार, चातीसारखा. त्या फुगवट्याला जागा हवी म्हणून नेकला किंचित खोलगटपणा ठेवतात. त्याला रिलीफ म्हणतात. तो बघायची पद्धत मला या सगळ्या कामात सर्वांत आवडते, कारण त्यात वेगळी पट्टी लागत नाही, तारच पट्टी होते. पहिल्या फ्रेटवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावायचा, नेक जिथे बॉडीला मिळतो तिथे तीच तार बोटाने दाबून धरायची. आता या दोन जागांमधला तारेचा भाग म्हणजे एक सरळ रेघ. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तिच्या खाली फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या साधनाचं, पातं सरकवायचं. पात्याला तार लागली पाहिजे, पण पात्याने ती उचलली जाता कामा नये. अशा वेळी मी डोळे मिटून घेते. तिथे डोळ्यांपेक्षा बोटांना जास्त कळतं. बहुतेक बेसना ०.३ मिलिमीटरच्या आसपासचं पातं बरोबर बसतं. दादाच्या बेसला ०.६चं पातं आरामात आत गेलं, वर हवा उरली.

मला वाटलं, बिचारा किती वर्षं असाच वाजवतोय.

ट्रस रॉड एका वेळी पाव फेरा. त्याहून जास्त नाही, आणि आवळण्याआधी तारा सैल करायच्या. पाव फेऱ्याला लाकडातून एक बारीक कुरकुर येते. कितीही वेळा ऐकली तरी पोटात गोळा येतो. मग तारा परत सुरात आणायच्या आणि नेकला त्याचा वेळ द्यायचा. रात्रभर बेस तसाच ठेवला, सकाळी पुन्हा पाव फेरा. पातं ०.३ वर आलं. मग सॅडल. ब्रिजवर प्रत्येक तारेला आपलं एक सॅडल, प्रत्येक सॅडलला दोन छोटे स्क्रू, त्या स्क्रूंच्या पायांवर ते उभं. स्क्रू उलटे फिरवले की सॅडल खाली बसतं. सॅडल १ मिलिमीटर खाली गेलं की १२व्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर खाली येते, कारण १२वा फ्रेट म्हणजे तारेचा बरोबर मध्य. फेंडरच्या कोष्टकात १७व्या फ्रेटवर जाड तारेला साधारण २.४ मिलिमीटर आणि बारीक तारेला २ मिलिमीटर दिलंय. फिंगरबोर्डची, म्हणजे फ्रेट बसवलेल्या पट्टीची, गोलाई जास्त असेल तर थोडं अधिक. मी २.४ आणि २ वर आणलं, मधल्या दोन तारा फिंगरबोर्डच्या गोलाईशी जुळवून घेतल्या. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक तार वाजवून पाहिली. कुठे खरखर नाही. स्वच्छ.

शेवटी इंटोनेशन. १२व्या फ्रेटवर तार दाबून येणारा सूर आणि त्याच जागी बोट नुसतं टेकवून काढलेला हार्मोनिक, हे दोन्ही ट्यूनरवर एकच दिसले पाहिजेत. दाबलेला चढा असेल तर सॅडल मागे, उतरलेला असेल तर पुढे. गणिताने सूर १२व्या फ्रेटवर बरोबर मध्यावर यायला हवा, तारेच्या ८६४ मिलिमीटर लांबीचे अर्धे ४३२. पण तार दाबताना ती जराशी ताणली जाते आणि तेवढी चढते, म्हणून तिची लांबी गणितापेक्षा थोडी जास्त ठेवावी लागते, जाड तारेची सर्वांत जास्त. म्हणून सॅडल कधी एका ओळीत नसतात, पायऱ्यांसारखी तिरकी असतात. १९५१ मध्ये लिओ फेंडरनी आपल्या नव्या बेसला प्रिसिजन नाव दिलं ते फ्रेटमुळे सूर अचूक लागतो म्हणून, पण त्या पहिल्या बेसच्या ब्रिजवर चार तारांना मिळून दोनच सॅडल होती. दोन तारांनी एक सॅडल वाटून घ्यायचं. एकीचं बरोबर केलं की दुसरीचं हुकणार, मग दोघींच्या मध्ये कुठेतरी थांबायचं. चार तारांना चार सॅडल १९५७ मध्ये आली. मधली सहा वर्षं लोकांनी त्याच बेसवर जीव ओतून वाजवलं. उरलेली तफावत त्यांचे कान आणि बोटं सांभाळून घेत असतील. हे मला माहीत होतं, लोकांना मी सांगतही असते. तरी दादाच्या बेसवर काम करताना मी कोष्टकच पाहिलं.

त्याच बेसवर मी शिकले. चौदा वर्षांची होते, आणि तो माझ्या छातीपर्यंत उंच होता. दादा घरी नसला की मी केस उघडायचे. आतून जुन्या कापडाचा आणि तारांच्या लोखंडाचा एक तुरट वास यायचा, तो अजून नाकात आहे. ई तारेवर पहिल्या फ्रेटचा एफ, तेवढा एक सूर मला यायचा नाही. तर्जनीने दाबायची, मग अंगठ्याने मागून जोर लावायची, मग चक्क दुसऱ्या हाताने दाबून धरायची. सूर येण्याऐवजी लाकडावर काठी मारल्यासारखा ठक्क असा बोथट आवाज यायचा. दादाने एकदा पकडलं आणि न रागावता बोट धरून फ्रेटच्या अगदी मागे नेऊन ठेवलं. "इथे दाब. मधोमध नाही." तेव्हा एफ आला. तीन आठवड्यांत तर्जनीला पाण्याचा फोड आला, फुटला, त्यावर पुन्हा फोड, आणि मग ती जागा पिवळट, टणक झाली. मी कितीदा म्हणाले असेन, दादा, तारा खाली घे ना रे थोड्या. त्याने कधी घेतल्या नाहीत. "हात तयार होऊ दे" एवढंच म्हणायचा. मला ते फार निष्ठुर वाटायचं.

त्या रात्री जागी असताना हे सगळं आठवलं, आणि माझ्या लक्षात आलं की मी ज्याच्यासाठी तारा खाली घेतल्या तो हात दादाचा नव्हताच. तो चौदा वर्षांच्या मुलीचा होता. इतक्या वर्षांनी हातात ॲलन की आली आणि मी तिचा हट्ट पुरवला. त्यातही एक गोष्ट अशी की मला रडवणाऱ्या त्या एफचा ब्रिजशी फारसा संबंधच नव्हता. पहिल्या फ्रेटवर तार किती उंच असेल ते नट ठरवतो, दुसऱ्या टोकाची ती तारा टेकायची खाचांची पट्टी. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटवरची फट पाहिली की कळतं. दादाच्या नटच्या खाचा उथळ आहेत, फट चांगलीच मोठी आहे, तार अजूनही तिथे उंचच आहे. नटला मात्र मी हात लावला नव्हता. कानस चालवली की गेलं ते गेलं, घासलेलं परत येत नाही, आणि एवढं तरी भान मला होतं.

उंच तारा म्हणजे चुकीचं सेटअप, हे इतकं रुजलंय की लोक आल्या आल्या ॲक्शन खाली करून द्या म्हणतात, आणि खरखर शून्य पाहिजे असंही म्हणतात. दोन्ही एका वेळी मिळेल ते फक्त हलक्या हाताने वाजवणाऱ्याला. तारेला जेवढ्या जोराने माराल तेवढा तिचा पसारा मोठा, आणि पसारा मोठा तर खाली जागा जास्त लागणार. हा सरळ हिशोब आहे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या कितीतरी रेकॉर्डवर ज्याचा बेस आहे तो जेम्स जेमरसन मूळचा डबल बेस वाजवणारा. तो उजव्या हाताच्या एकाच तर्जनीने वाजवायचा, तिला लोक हूक म्हणायचे. त्याचा १९६२चा प्रिसिजन, त्यावर जाड फ्लॅटवाऊंड तारा, आणि त्याही उंच. दुसऱ्याला त्यावर दोन ओळी वाजवणं जड जावं असा तो बेस. तिकडे बेसवादक जॅको पास्टोरियसचा जॅझ बेस, फेंडरचाच दुसरा नमुना, तोही १९६२चा, त्याचे फ्रेटच काढून टाकलेले, फिंगरबोर्डवर इपॉक्सीचा लेप, तारा पार खाली उतरलेल्या, म्हणून ते सूर गायल्यासारखे घसरत, उघडत जातात. एकाच वर्षाचे, एकाच लांबीच्या तारांचे दोन बेस. यातला चुकीचा कुठला? कोणाचा बेस कोणाच्या हातात दिला असता तर दोघंही गप्प बसले असते.

खरखरीबद्दलही माझं मत गेल्या काही वर्षांत बदललंय. आधी मी बेस ॲम्पला न जोडता, कान बॉडीला लावून ऐकायचे आणि कुठे झणझणलं की अस्वस्थ व्हायचे. ती जागा शोधणं हे कामच आहे: पहिल्या चार-पाच फ्रेटवर घासतंय तर नेक मागे वाकलाय किंवा नेकला रिलीफ कमी पडतोय, फक्त मोकळी तार घासतेय तर नटची खाच खोल गेलीय, वरच्या फ्रेटवर घासतंय तर सॅडल खाली आहेत किंवा नेकचा कोन बिघडलाय, आणि एकाच जागी घासतंय तर बहुतेक पुढचा एखादा फ्रेट वर उचकलाय. पण ॲम्पमधून यातलं अर्धं ऐकूच येत नाही. आणि जे येतं त्यातलं थोडं हवंसं असतं. सुराच्या सुरुवातीला तार फ्रेटला किंचित शिवून जाते, त्याने त्या सुराला दात येतात. दादाच्या वाजवण्यात मात्र ते नव्हतं. त्याचा सूर खालून यायचा, गोल, कडा नसलेला, आणि संपताना एकदम संपायचा. लहानपणी मी शेजारच्या खोलीत झोपलेली असायचे आणि तो सूर कानांना कमी, पलंगाच्या पाट्याला जास्त कळायचा.

मग मला भीती वाटली ती वेगळीच. मी त्याच्या तारांची आधीची उंची मोजलीच नव्हती.

०.१ मिलिमीटरवर जीव टाकणारी मी. बेस टेबलावर घेतल्यावर पहिली गोष्ट म्हणजे आहे ते लिहून ठेवणं, हे मी इतरांना सांगते. दादाच्या बेसला मी ते केलं नाही, कारण जे आहे ते चूकच आहे अशी माझी खात्री होती आणि चूक कोण लिहून ठेवतं?

पुढच्या रविवारी त्याच्याकडे गेले. बेस स्टँडवर होता, आणि कडेवर धूळ होती, बारीक. मी म्हटलं, "दादा, वाजवत नाहीस?" तर म्हणाला, "वाजवतो की." मग जरा थांबून तळहात पुढे केला, करंगळीच्या खालचा मऊ भाग दाखवला. तिथे दोन लाल ठिपके होते. "ते स्क्रू टोचतात गं इथे." तो तळहाताची कड ब्रिजवर टेकवून सूर दाबतो, नेहमीच. सॅडल खाली बसली की स्क्रूंची डोकी वर येतात, हे मला माहीत असायला हवं होतं. आवाजाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मी बेस खिडकीशी नेला आणि उजेडात ब्रिज पाहिला.

आठही स्क्रू सॅडलच्या वर आले होते. आणि वर आलेला तेवढाच भाग चकचकीत होता. इतकी वर्षं तो सॅडलच्या पोटात झाकलेला होता, त्याला ना दादाचा घाम लागला ना हवा. स्क्रूंचे पाय मात्र काळपटलेले, गंज धरलेले, त्या काळपटपणाची कड आता सॅडलच्या आत गेलेली. म्हणजे मी किती उतरवलं होतं ते लिहिलेलं होतंच, मी लिहिलं नव्हतं एवढंच. फीलर गेज लावून पाहिलं तर ई तारेच्या स्क्रूचा चकचकीत भाग जेमतेम पावणेदोन मिलिमीटर होता. जी तारेचा त्याहून थोडा कमी. एवढ्यात दादाचा हात परका झाला होता.

मी तिथेच बसले. तारा थोड्या सैल केल्या आणि एकेक स्क्रू आत फिरवत गेले, चकाकी सॅडलमध्ये नाहीशी होईपर्यंत. दोन्ही बाजूंचे स्क्रू सारखे, म्हणजे सॅडल कलू नये. ट्रस रॉडचे दोन पाव फेरे माझ्या लक्षात होते, त्या वेळी श्वास रोखलेला असतो म्हणून लक्षात राहतात. एक परत सोडला. तारा सुरात आणल्या आणि बेस त्याच्या हातात दिला. त्याने ई वाजवली, मग ए, मग कुठलीशी जुनी, चार सुरांची फिरत, आणि वाजवता वाजवता त्याचा हात ब्रिजवरून सुटून पुढे आला, अंगठा पिकअपवर, तारांचा आवाज टिपणाऱ्या चुंबकाच्या डबीवर, त्याच्या झिजलेल्या जागी जाऊन टेकला. तो माझ्याकडे बघत नव्हता. "अजून जरा सैल करतेस नेक?" असं म्हणाला. मी दुसरा पाव फेराही सोडला. इंटोनेशन थोडं हललं होतं, सॅडल दोन केस मागे घेतली. तारा वर गेल्याने पिकअपपासून लांब झाल्या होत्या आणि आवाज पडला होता, म्हणून पिकअप वर उचलला, पण बेताने, कारण लोहचुंबक फार जवळ आला की तारेला ओढतो आणि सूर डगमगतो.

मग मी पट्टी काढली आणि त्याच्या मांडीवर बेस असतानाच मोजलं. १७व्या फ्रेटवर ई ३.५, ए ३.३, डी ३.१, जी २.९. नेकचा रिलीफ ०.६. कागदावर लिहिलं, वर तारीख घातली, कागद केसच्या कप्प्यात ठेवला. दादा म्हणाला, "हे कशाला?" मी म्हटलं, "असू दे."

तो पाणी आणायला उठला तेव्हा बेस माझ्याकडे दिला. मी पट्टा गळ्यात घालून ई तारेवर पहिल्या फ्रेटचा एफ दाबला, फ्रेटला अगदी चिकटून. तर्जनी तिथेच दुखली. दुसऱ्या प्रयत्नात सूर आला, आणि आतून दादाने हाक मारली, "आता वाजव की पुढे!"